शिकवणाऱ्याची परीक्षा न शिकलेल्याने कशी घ्यावी?

मोबाइल अ‍ॅप बनवायला शिकायचे ठरवणारा माणूस पहिल्याच दिवशी ज्या अडचणीत सापडतो, ती तत्त्वज्ञानातली फार जुनी अडचण आहे. युट्यूबवर शोध घेतला की ट्यूटोरियलांची रांग लागते. कुणी जावामध्ये शिकवतो, कुणी कोटलिनमध्ये. कुणी फ्लटर घ्या म्हणतो, कुणी रिअ‍ॅक्ट नेटिव्ह. कुणी काही तासांत सगळे येईल असे सांगतो, कुणी शंभर दिवस मागतो. यातला चांगला धडा कोणता हे ठरवायला अ‍ॅप डेव्हलपमेंट कळायला हवे, आणि ते कळत नाही म्हणूनच तर धडा शोधायचा आहे. पारखल्याशिवाय विश्वास ठेवू नये हे खरे. पण कुणावर तरी विश्वास ठेवून शिकल्याशिवाय पारख येत नाही, हेही तितकेच खरे. न्यायदर्शनाच्या विचारवंतांनी, म्हणजे नैयायिकांनी, अशा कोंडीला अन्योन्याश्रय म्हटले आहे: पहिली गोष्ट दुसरीवर टेकलेली, दुसरी पहिलीवर, आणि म्हणून दोन्ही अधांतरी. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात हाच पेच सॉक्रेटिसपुढे टाकला जातो. जे मुळीच ठाऊक नाही ते शोधायचे कसे, आणि समोर आले तरी हेच ते, हे ओळखायचे कशावरून? गुरू कसा ओळखावा हा साधकाचा प्रश्नही याच कुळातला. ही कोंडी सुटते, असे माझे म्हणणे आहे. ती कशी सुटते हे पाहायला अ‍ॅप डेव्हलपमेंटइतके स्वच्छ क्षेत्र क्वचितच मिळेल.

इथेच कुणी म्हणेल की, कुठे मोक्षाचा गुरू आणि कुठे कोडिंगचा मास्तर. दोघांना एका पंक्तीला बसवणे हा गुरुपदाचा अवमान आहे. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण समर्थ रामदासांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरूचा विचार करताना नाना विद्या आणि व्यवसाय शिकवणाऱ्यांनाही गुरू म्हटले आहे, आणि मग मोक्ष देणारा सद्गुरू त्यांच्याहून वेगळा काढला आहे. म्हणजे भेद आहे, पण दोघांच्या बाबतीत शिष्याला विचार करायचा आहेच. न्यायसूत्रांत शब्दप्रमाणाचे, म्हणजे विश्वासू माणसाच्या शब्दाचे, दोन प्रकार सांगितले आहेत. ज्याचे फळ इथे डोळ्यांनी दिसते तो दृष्टार्थ, ज्याचे दिसत नाही तो अदृष्टार्थ. अ‍ॅप बनवण्याचा धडा निखळ दृष्टार्थ आहे. सांगितले तसे केले आणि स्क्रीनवर बटण आले नाही, तर ते त्याच क्षणी समजते. जिथे फळ दिसते तिथे विश्वास आणि परीक्षा यांचे नाते नीट तपासता येते. आणि तिथे जे कळेल ते, जिथे फळ दिसत नाही तिथे वागताना कामी येईल. उलट दिशेने जाणे अवघड आहे.

नवखा माणूस सहसा कशावर भिस्त ठेवतो? व्ह्यूज, लाइक, सबस्क्रायबर आणि मित्राची शिफारस. व्ह्यूजच्या आकड्यात एक मोठा दोष आहे, तो नीट पाहायला हवा. धडा जितका जुना, तितके त्याचे व्ह्यूज साचत जातात. आणि या क्षेत्रात धडा जितका जुना, तितका तो निरुपयोगी होत जातो. गूगलने 2017 मध्ये अँड्रॉइडसाठी कोटलिनला अधिकृत मान्यता दिली, 2019 मध्ये कोटलिनलाच पहिले स्थान दिले, आणि 2021 च्या जुलैमध्ये जेटपॅक कंपोझची पहिली पक्की आवृत्ती आली. त्याबरोबर स्क्रीन रचण्याची पद्धतच बदलली. आधीच्या धड्यांत पडद्यामागे काम करून घेण्यासाठी हमखास शिकवला जाणारा एसिंकटास्क 2020 मध्ये अँड्रॉइड 11 बरोबर कालबाह्य ठरवला गेला. फ्लटरची डार्ट भाषा 2021 मध्ये नल सेफ्टीकडे वळली आणि 2023 च्या डार्ट 3 ने जुन्या पद्धतीचा आधार काढूनच घेतला. त्यामुळे 2019 चा फ्लटरचा धडा आज जसाच्या तसा टाइप केला तर कोडखाली लाल रेघा उमटतात. अ‍ॅपलकडेही 2014 मध्ये स्विफ्ट आणि 2019 मध्ये स्विफ्टयूआय आले. म्हणजे सर्वांत जास्त पाहिलेला धडा सर्वांत चांगला असेल ही अपेक्षा इथे कित्येकदा उलटी ठरते. शिवाय आकडा वाढवणारे बहुतेक जण स्वतः नवखे असतात. त्यांनी धडा सुरू केला एवढेच तो आकडा सांगतो, पुरा केला का आणि नंतर स्वतःचे अ‍ॅप उभे केले का, हे सांगत नाही. आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवण्याचा दृष्टान्त उपनिषदांनी दिला आहे. तो स्वतःला ज्ञानी समजणाऱ्यांबद्दल आहे, पण गर्दीलाही तितकाच लागू पडतो.

मग विश्वासार्ह कुणाला म्हणावे? न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनाने आप्ताचे, म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण मानावा अशा माणसाचे, लक्षण सांगितले आहे. त्याने ती गोष्ट स्वतः प्रत्यक्ष जाणलेली असावी, ऐकणाऱ्याविषयी त्याच्या मनात करुणा असावी, आणि जसे जाणले तसेच सांगण्याची त्याला इच्छा असावी. याहून मोलाची गोष्ट म्हणजे हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या तिघांनाही सारखेच लागू आहे, असे तो म्हणतो. कुळ, पंथ, पदवी यांचा त्यात संबंध नाही. ज्या समाजात ज्ञानाचा अधिकार जन्मावर मोजला जात होता, तिथल्या एका शास्त्रकाराने हे लिहून ठेवले आहे. एखाद्या परदेशी विद्यापीठाचा प्राध्यापक आणि तालुक्याच्या गावी बसून अ‍ॅप बनवणारी तरुणी या दोघांचे धडे एकाच कसोटीवर घासता येतात, ते या लक्षणामुळे.

पण हे लक्षण बाहेरून दिसावे कसे? शिकवणाऱ्याच्या मनातली करुणा काही थंबनेलवर लिहिलेली नसते. याचे उत्तर मला आपल्याच शास्त्रग्रंथांच्या एका शिस्तीत सापडते. ग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगाव्यात असा जुना दंडक होता. त्यांना अनुबंधचतुष्टय म्हणत. हा ग्रंथ कुणासाठी, विषय कोणता, तो वाचून काय साधेल, आणि ग्रंथाचा त्या विषयाशी संबंध काय. वाचणारा अजून विषयाबाहेर उभा असतानाच त्याला निर्णय घेता यावा, म्हणून ही योजना होती. अ‍ॅपच्या धड्यातही हीच चार विधाने शोधावीत, आणि ती शोधायला कोडिंग यावे लागत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा आयफोन अ‍ॅप्सवरचा कोर्स, ज्याची पॉल हेगार्टी यांची व्याख्याने वर्षानुवर्षे सर्वांसाठी खुली आहेत, आधी प्रोग्रॅमिंगचे शिक्षण झालेले असावे अशी अट स्पष्ट घालतो. म्हणजे ‘अधिकारी’ कोण, कोर्स कुणासाठी आहे, हे सांगतो. भाषा ऑब्जेक्टिव्ह-सीची स्विफ्ट झाली, पुढे स्विफ्टयूआय आले, तसतसा तो कोर्स नव्याने शिकवला गेला. उलट गूगलचा ‘अँड्रॉइड बेसिक्स विथ कंपोझ’ हा मोफत कोर्स ज्याने कधीच कोड लिहिला नाही त्याच्यापासून सुरुवात करतो. यात चांगला कोणता, हा प्रश्नच अपुरा आहे. कुणासाठी चांगला, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. जो धडा आपला वाचक कोण, कोणती आवृत्ती वापरली आहे, आणि काय शिकवायचे राहिले आहे हे सांगतो, त्याच्या कर्त्याने शिकणाऱ्याच्या अडचणीचा विचार केला आहे. करुणेची ही बाहेरून दिसणारी खूण आहे. जो ‘सगळे शिकवतो’ म्हणतो, त्याने एकतर विषय पुरता पाहिलेला नाही किंवा पाहिलेले जसेच्या तसे सांगायची त्याची तयारी नाही.

आता परीक्षेकडे येऊ. ज्ञान खरे की खोटे हे प्रवृत्तीच्या सामर्थ्यावरून, म्हणजे त्यानुसार केलेली कृती सफल होते की नाही यावरून ठरते, असे नैयायिक म्हणतात. अ‍ॅपच्या बाबतीत हे किती सोपे वाटते: कोड रन झाला, धडा खरा. पण इथेच बहुतेकांची फसगत होते, म्हणून एक साधे उदाहरण जवळून पाहू. अँड्रॉइड शिकवणारे अनेक धडे मोजणीच्या अ‍ॅपने सुरू होतात. स्क्रीनवर एक आकडा आणि एक बटण. बटण दाबले की आकडा एकाने वाढतो. कंपोझमध्ये हे काही ओळींत होते. सात वेळा दाबले, स्क्रीनवर 7 दिसले, धडा संपला, शिकणारा खूश. आता ऑटो-रोटेट चालू ठेवून फोन आडवा करा. आकडा शून्य होतो. कारण फोन फिरवला की अँड्रॉइड एरवी ती स्क्रीन, म्हणजे तिची अ‍ॅक्टिव्हिटी, मोडून नव्याने उभी करते, आणि धड्यातल्या कोडमध्ये ‘रिमेंबर’ने जपलेली किंमत त्या मोडतोडीत जाते. ‘रिमेंबर’च्या जागी ‘रिमेंबरसेव्हेबल’ वापरले तर आकडा टिकतो. बदल एका शब्दाचा आहे, पण त्यामागे अँड्रॉइडचे सगळे जीवनचक्र उभे आहे: स्क्रीन ही कायमची वस्तू नाही, ती केव्हाही जाऊ शकते, आणि काय जपायचे हे अ‍ॅप लिहिणाऱ्याने ठरवायचे असते. हे ज्याला कळले त्याला अँड्रॉइड कळायला लागले. पहिला धडा खोटा नव्हता, त्याचा कोड रनही झाला होता. तरी त्याने शिकणाऱ्याच्या मनात एक चुकीची समजूत पक्की केली. असेच दुसरे उदाहरण एपीआय कीचे, म्हणजे बाहेरची सेवा वापरण्यासाठी लागणाऱ्या गुप्त किल्लीचे. सोय म्हणून ती थेट कोडमध्ये लिहायला सांगणारे धडे आहेत. अ‍ॅप उत्तम चालते, आणि तयार झालेली फाइल उघडून ती की कुणालाही वाचता येते. कृती सफल झाली, ज्ञान मात्र सदोष राहिले.

हा आक्षेप नैयायिकांच्या कसोटीवरच येतो, आणि तो मान्य करायला हवा. पण त्याने कसोटी मोडत नाही, तिची जागा बदलते. शिक्षकाने दाखवलेल्या परिस्थितीत कृती सफल होणे पुरेसे नाही. त्याने न दाखवलेल्या परिस्थितीत ती टिकली पाहिजे. म्हणून परीक्षा घ्यायची ती मोडून. फोन आडवा करावा, इंटरनेट बंद करावे, आकड्याच्या जागी अक्षरे टाइप करावीत, रिकामी यादी द्यावी. अ‍ॅप कोसळले तर धडा लगेच टाकून द्यायचा नाही. पुढच्या भागात शिक्षक तिथे पोहोचतो का हे पाहायचे. जो स्वतःच मुद्दाम एरर आणून दाखवतो, एररचा मजकूर वाचायला शिकवतो, आपली चूक व्हिडिओतून कापून न टाकता ती कशी शोधली हे दाखवतो, तो आप्ताच्या लक्षणाला पुरा उतरतो. त्याने पाहिले आहे आणि पाहिले तसे सांगितले आहे. दासबोधात रामदास करामती दाखवणाऱ्या गुरूंना सद्गुरूच्या पदावर बसू देत नाहीत, त्यामागचे मर्म मला इथे दिसते. एकही एरर न येता अर्ध्या तासात देखणे अ‍ॅप उभे करणारा व्हिडिओ ही करामत आहे. पाहणाऱ्याला आनंद होतो, पण त्याच्या हाती काही लागत नाही.

आता मूळ कोंडी सुटते कशी हे स्पष्ट होईल. ज्ञान हा अखंड गोळा असता, सगळे कळले किंवा काहीच कळले नाही असे असते, तर मेनोचा पेच अजिंक्य होता. पण ज्ञान तुकड्यांनी येते. वेदांचे प्रामाण्य मांडताना न्यायसूत्रे मंत्र आणि आयुर्वेद यांचा दाखला देतात: ज्यांच्या शब्दाचे फळ दिसणाऱ्या गोष्टींत पडताळता येते, त्यांच्यावर न दिसणाऱ्या गोष्टींतही विश्वास ठेवता येतो. वेदांबद्दलचा तो युक्तिवाद कुणाला पटो न पटो, शिकण्याच्या व्यवहाराचे ते अचूक वर्णन आहे. पहिला छोटा धडा उसन्या विश्वासावर करायचा, तो स्वतःच्या हाताने मोडून पाहायचा. त्यातून जेवढी पारख आली तेवढाच विश्वास पुढच्या धड्यासाठी द्यायचा. विश्वास आणि पारख ही एकमेकांवर टेकलेली खरी, पण ती एकाच पायरीवर उभी नाहीत. कालची पारख आजच्या विश्वासाला आधार देते आणि आजचा विश्वास उद्याच्या पारखीला. श्रद्धा या शब्दाचा मला समजलेला अर्थ एवढाच आहे: पुढचे पाऊल टाकण्याइतका विश्वास, आणि ते टाकल्यावर जमीन तपासण्याची तयारी.

यावर अनुभवी डेव्हलपर म्हणतील की, एवढा खटाटोप कशाला. अधिकृत डॉक्युमेंटेशन वाचा, ट्यूटोरियलांच्या नादी लागू नका. डॉक्युमेंटेशन हाच शेवटचा आधार, हे खरे आहे. धडा आणि डॉक्युमेंटेशन यांत फरक पडला तर डॉक्युमेंटेशनचे ऐकावे. पण ते प्रश्न विचारता येणाऱ्यासाठी लिहिलेले असते. व्ह्यूमॉडेल म्हणजे काय हे तिथे नीट सांगितलेले असते. आपल्याला व्ह्यूमॉडेलची गरज आहे हे ज्याला ठाऊकच नाही, तो ते पान उघडणार कसा? श्रुती असतानाही भाष्ये लागली, आणि भाष्ये असतानाही कीर्तनकार लागले, ते याच कारणाने.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्याची तीन साधने सांगितली आहेत: प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला परिप्रश्न करता येत नाही. मग तो गुरू कसा? एकलव्याची कथा याच्या उत्तरादाखल नेहमी सांगितली जाते; द्रोणाचार्यांच्या मातीच्या मूर्तीपुढे तो शिकला. पण नीट पाहिले तर मूर्तीने त्याला काहीच सांगितले नव्हते. बाण लागला की चुकला हे लक्ष्यच सांगत होते. प्रश्नाचे उत्तर देणारे असे काहीतरी शिकणाऱ्यासमोर असावे लागते. मग ते माणूसच असावे असे नाही. अ‍ॅप शिकणाऱ्यापुढे एमुलेटर आहे, कंपायलर आहे, त्यांना कितीही वेळा विचारा, ते कंटाळत नाहीत आणि खुशामतही करत नाहीत. आता एआय सहायकही आहेत. त्यांनी स्वतः अ‍ॅप चालवून अनुभव घेतलेला नसतो, म्हणून वात्स्यायनाच्या अर्थाने मी त्यांना आप्त म्हणणार नाही; त्यांचे उत्तर तेवढ्याच कडक रीतीने मोडून पाहावे. तरीही जिवंत माणसाची उणीव या कशानेच पूर्ण भरून निघत नाही, हे मला मान्य आहे. तुमचा प्रश्नच चुकीचा आहे, हे ओळखून सांगणारा माणूस लागतो. जमेल त्याने असा एकजण शोधावा.

भागवताच्या अकराव्या स्कंधातल्या अवधूताने चोवीस गुरू केले, मग आम्ही चोवीस कोर्स केले तर काय बिघडले, असेही कुणी म्हणेल. एकनाथमहाराजांनी ज्यावर विस्ताराने टीका लिहिली तो हाच स्कंध. त्यातला अवधूत पृथ्वीकडून सहनशीलता शिकतो, अजगराकडून अयाचित वृत्ती, आणि शिकलेले अंगी बाणवून पुढे जातो. एक प्लेलिस्ट अर्धी टाकून दुसरी उघडणारा काहीच घेऊन जात नाही. उपनिषदात याज्ञवल्क्याने मैत्रेयीला श्रवण, मनन आणि निदिध्यासन, म्हणजे ऐकणे, त्यावर विचार करणे आणि त्याचा ध्यास घेणे, सांगितले. नुसते व्हिडिओ पाहत राहणे हे श्रवणाच्या पुढे जात नाही. व्हिडिओ बंद करून तेच अ‍ॅप न पाहता पुन्हा लिहिणे हे मनन, आणि त्यात आपली स्वतःची एक सोय घातली की निदिध्यासन सुरू होते.

पैसे देऊन घेतलेल्या कोर्सबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत, कारण आपल्याकडे पालक त्यासाठी कर्ज काढतात. प्लेटोच्या ‘प्रोटागोरस’मध्ये सॉक्रेटिस एका तरुणाला बजावतो की, बाजारातले धान्य भांड्यात घालून घरी आणता येते आणि खाण्याआधी जाणत्याला दाखवता येते, विद्या मात्र विकत घेतली की ती थेट मनातच जाते. आज निदान एवढी सोय आहे की बहुतेक शिक्षकांचे काही धडे फुकट पाहायला मिळतात. भांडे म्हणून त्यांचा वापर करावा. ज्याचे दोन मोफत धडेही पाहायला मिळत नाहीत आणि जो नोकरीची हमी आधी देतो, त्याला पैसे देऊ नयेत.

शेवटचा मुद्दा मराठीचा. इंग्रजीत अडखळणाऱ्या मुलाची कोंडी दुहेरी असते: धडा कळत नाही तो विषयामुळे की भाषेमुळे, हेच त्याला समजत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरवरचे छोटे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणले, आणि धड्याची संहिता पक्की होण्याआधी ती एका नवख्याकडून तपासून घेण्याची पद्धत ठेवली. न शिकलेल्याला परीक्षकाची जागा देणारी ही पद्धत मला फार मोलाची वाटते. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात, पणजीत आणि परदेशातही अ‍ॅप बनवून पोट भरणारे मराठी लोक आहेत. त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी मराठीत धडे करावेत. सुरुवातीलाच तारीख, आवृत्ती आणि हा धडा कुणासाठी आहे ते सांगावे, चुका कापू नयेत, प्रसिद्ध करण्याआधी ज्याला काहीच येत नाही अशा एकाला तो करून पाहायला द्यावा, आणि धडा जुना झाला की त्यावर तसे ठळकपणे लिहावे.